ज्योतिरामनं न मारलेली रेघ

"काका, मान वर करा," म्हणत मेकअपवाल्या मुलीनं माझ्या गळ्यापर्यंत पावडर थापली. लग्नातसुद्धा मी एवढा नटलो नव्हतो. आरशात बघून माझं मलाच हसू येत होतं, तेवढ्यात केतकी आत आली. केतकी म्हणजे टीव्हीवरच्या त्या फुटबॉलच्या कार्यक्रमाची निवेदिका; ज्योतिरामचा जुना जोडीदार म्हणून तिनंच मला पाहुणा बोलावलं होतं. चुणचुणीत पोरगी, सव्वीस-सत्तावीसची असेल. माझ्या खुर्चीशी वाकून ती हळूच म्हणाली, "सर, एक गंमत आहे. ज्योतिराम सरांना कळू द्यायची नाहीये. तुमच्या फायनलची कॅसेट मिळालीय आम्हाला."

कुठली फायनल, असं मी विचारलं खरं, पण विचारायची गरज नव्हती. आयुष्यात मी एकच फायनल खेळलो. आमच्या पेठेत लग्नाचं शूटिंग करणारा एक जण होता, त्यानं त्या दिवशी हौसेनं कॅमेरा स्टेडियमवर नेला होता. त्याच्या पुतण्यानं माळा साफ करताना कॅसेट काढली आणि चॅनलला पाठवली. केतकीला वाटत होतं, ज्योतिराम सर दर आठवड्याला दुसऱ्यांच्या चुका दाखवतात, आज शंभराव्या भागात स्वतःची दाखवतील, लोक खूश होतील. तिच्या मनात पाप नव्हतं, आणि मला मात्र पावडरीखाली घाम फुटला.

आता खोटं कशाला बोलू, त्या कॅसेटमधली चूक ज्योतिरामची नव्हती. माझी होती. आणि ते जगात मला एकट्याला माहीत होतं, असं मी चोवीस वर्षं धरून चाललो होतो.

ज्योतिराम इंगवले हे नाव तुम्ही ऐकलं असेल. नसेल तर सांगतो. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे असतात, आणि फुटबॉल म्हणजे पेठेची अब्रू. पोरगं चालायला लागलं की आधी बॉल लाथाडतं, मग अक्षरं गिरवतं. ज्योतिराम आमच्या धाकट्या तालमीचा सेंटर बॅक, बचावातला मधला माणूस, आणि मी त्याच्या डाव्या हाताचा. फार उंच नव्हता, फार वेगवान तर अजिबात नव्हता. पण बॉल कुठं येणार हे त्याला बॉलच्या आधी कळायचं. समोरचा फॉरवर्ड धापा टाकत पोचायचा तर हा आधीच तिथं उभा, बसची वाट बघितल्यासारखा. सहा वर्षं मी त्याच्या शेजारी खेळलो आणि त्याला बॉल अडवायला जमिनीवर लोळताना मोजून चार वेळा बघितलं. लोळावं लागलं म्हणजे आपण उशिरा आलो, असं त्याचं म्हणणं.

पुढं तो गोव्यात अकरा वर्षं खेळला, कोलकात्यात पाच. देशाचा शर्ट त्यानं नऊ वेळा घातला. गुडघे संपले तेव्हा घरी आला, पण कोल्हापुरात राहिला नाही. मुंबईच्या चॅनलनं मराठीतून फुटबॉल दाखवायचं ठरवलं आणि त्याला बोलावलं. पहिल्या महिन्यात त्याला काढून टाकायचं घाटत होतं म्हणे. बोलणं कोल्हापुरी, आवाज चढवायचा नाही, गोल झाला तरी खुर्चीतून हलायचा नाही. मग कुणीतरी त्याला तो स्पर्शानं चालणारा मोठा पडदा दिला. चित्र थांबवायचं आणि बोटानं पिवळी रेघ ओढायची. ज्योतिरामनं पहिली रेघ ओढली आणि काम फत्ते झालं. बचावाचे चार खेळाडू कुठं उभे आहेत, कोण अर्धं पाऊल पुढं, कोण मागं, गोल नेमका कुठल्या फटीतून झाला, ते घरातल्या म्हातारीलासुद्धा कळायला लागलं. मी शिकवतो त्या शाळेतल्या पोरी डब्यातल्या भेंडीनं रेघा मारून एकमेकींना ऑफसाइड समजावताना मी स्वतः बघितल्यात.

आणि त्याचं एक होतं. चुकणाऱ्या खेळाडूची त्यानं कधी टर उडवली नाही. आधी सांगायचा, ह्या गड्याला इथनं काय दिसत होतं बघा. मग सांगायचा, तो कुठं चुकला. बाकीचे तज्ज्ञ मॅच संपल्यावर शहाणे व्हायचे, हा मात्र त्या खेळाडूच्या बुटात पाय घालून बोलायचा. पण चूक म्हणजे चूक. ओळखीचा असो, मित्र असो, रेघ मारताना त्याचा हात आखडला नाही. नव्व्याण्णव भागांत पडद्यावर तो एकदाही खोटं बोलला नव्हता.

म्हणून तर माझी पाचावर धारण बसली होती. कॅसेट लागणार, केतकी रेघ मारायला सांगणार, आणि रेघ मारली की माझा पाय उघडा पडणार.

काय झालं होतं ते थोडक्यात सांगतो. फायनल, समोर वेशीतली तालीम, स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नाही. आमचा खेळ सगळा एका हाळीवर चालायचा. आम्ही चौघं एका ओळीत. बॉल समोरच्यानं मारायच्या आत ज्योतिराम ओरडायचा, "वर!" की चौघांनी एकदम दोन पावलं पुढं. समोरचे फॉरवर्ड मागं राहायचे आणि पंच ऑफसाइडची शिट्टी मारायचा. पण चौघांनी म्हणजे चौघांनी. एक जरी मागं राहिला तरी त्याच्यामुळं समोरचे सगळे नियमात बसतात. शेवटची चार मिनिटं राहिली होती, बरोबरी होती. ज्योतिराम ओरडला, "वर!" तिघं गेले. मी गेलो नाही. त्यांचा उजवीकडचा फॉरवर्ड त्या दिवशी मला दोनदा मागं टाकून गेला होता, आणि माझ्या पायांनी परस्पर ठरवलं की एक पाऊल मागंच बरं. तो एकटा सुटला, गोलकीपरला चकवलं, गोल. आम्ही हरलो.

मी तोंड खाली घालून गवतात पडलो. उठलो तेव्हा गॅलरीत बोंबाबोंब चालली होती आणि नाव ज्योतिरामचं होतं. हाळी उशिरा दिली, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्यालाही पेपरवाल्यानं विचारलं तर तो म्हणाला, चूक माझी. मला वाटलं, बिचाऱ्याला खरंच तसं वाटतंय. पुढच्या आठवड्यात पेठेतल्या शाळेत खेळाच्या शिक्षकाची मुलाखत होती, आणि शाळेचे अध्यक्ष म्हणजे तालमीचेही अध्यक्ष. मी तोंडाला कुलूप घातलं. नोकरी लागली. आज उद्या सांगू, असं म्हणत लग्न झालं, पोरं झाली, गावात लोक मला माजगावकर सर म्हणायला लागले.

आणि ज्योतिरामला काय मिळालं? त्याचे वडील आबा, एसटीच्या वर्कशॉपमध्ये फिटर, तालमीचे जुने माणूस. त्या संध्याकाळी तालमीच्या दारात, शंभर माणसांसमोर, त्यांनी पोराला थोबाडीत मारली. "आज पेठेत तोंड दाखवायची सोय ठेवली न्हाईस," म्हणाले. मी तिथंच होतो, पाच हातांवर, आणि मी गप्प उभा राहिलो. ज्योतिरामनं गालाला हातसुद्धा लावला नाही. महिन्याभरात तो बॅग घेऊन गोव्याला गेला. आबांनी पुढं फुटबॉलचं नाव टाकलं. पोरगा देशाकडून खेळला तेव्हा त्यांच्या घरात भजनाचा चॅनल लागला होता, हे त्याच्या बहिणीनं, सुनंदानं, मला रडत सांगितलंय. बापलेक बोलायचे, पण औषध, पाऊसपाणी, लाइटबिल एवढंच.

तर अशी ती कॅसेट.

केतकी गेली आणि ज्योतिराम आला. काळा साधा शर्ट, टाय नाही, पायात चपला. पडद्यावर पाय दिसत नाहीत म्हणून तो चपलाच घालायचा. माझ्याकडं बघून खदखदून हसला. "मर्दा, तुला चुना लावलाय काय?" म्हणाला. मग माझी कॉलर सरळ केली, पाणी आणून दिलं. लाइव्ह कार्यक्रमात काय करायचं, कुठं बघायचं, केतकीनं विचारलं तरच बोलायचं, नाहीतर पडदा बघत बसायचं, असं सगळं समजावून सांगितलं.

"घाबरालायस काय?" त्यानं विचारलं.

"छ्या," मी म्हणालो.

दहा मिनिटं तो माझ्याजवळ बसला होता. त्याला सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ज्योतिराम, कॅसेट सापडलीय, आणि त्यात मी मागं आहे. ते वाक्य माझ्या गळ्यापर्यंत आलं आणि पावडरीखाली परत गेलं. दुसऱ्यांदा, लक्षात घ्या. एकदा तालमीच्या दारात आणि एकदा त्या आरशासमोर. दोन्ही वेळा माझं पाऊल पडलं नाही.

सहाला कार्यक्रम सुरू झाला. आठला कुठल्यातरी मोठ्या सामन्याला सुरुवात होणार होती, त्याच्या आधीच्या ह्या गप्पागोष्टी. पहिली पंधरा मिनिटं मजेत गेली. केतकीनं मला जुन्या आठवणी विचारल्या, मी पेठेतल्या दोन गमती सांगितल्या, कॅमेऱ्यामागची पोरं हसली. ज्योतिराम रेघा मारत सामन्याबद्दल बोलला. मग केतकीनं हात चोळले आणि म्हणाली, आता ज्योतिराम सरांसाठी एक भेट आहे.

पडद्यावर कोल्हापूरचं स्टेडियम उमटलं. चित्र हलतंय, रंग उडालेले, मधेच खरखर. तरी आम्ही दोघांनी एका क्षणात ओळखलं. आपलीच जवानी पडद्यावर पळताना दिसली की कसं वाटतं, ते ज्याचं त्याला माहीत. मी ज्योतिरामकडं बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर आधी नुसता आनंद होता. मग कोपऱ्यातली वेळ त्यानं वाचली असावी, कारण तो थोडा पुढं सरकून बसला.

बॉल मधल्या भागात. आवाज नव्हता, पण चित्रातल्या ज्योतिरामचं तोंड उघडलं ते दिसलं. तिघं पुढं गेले. डाव्या कोपऱ्यात, चित्राच्या अगदी कडेला, एक पांढरी चड्डी जागच्या जागी. चित्र इतकं खराब होतं की मुद्दाम बघितलं तरच दिसावं. केतकीनं बरोबर तिथंच टेप थांबवायला लावली.

"सर," ती लाडात म्हणाली, "नव्व्याण्णव वेळा तुम्ही दुसऱ्यांना रेघ मारलीत. आता सांगा, इथं कोण चुकलं?"

ज्योतिराम उठला, पडद्याजवळ गेला. बोट वर नेलं. मी त्या बोटाकडं बघत होतो. ते पडद्यापासून इंचभर लांब थांबलं आणि थांबूनच राहिलं. लाइव्ह कार्यक्रमात चार सेकंद कुणी बोललं नाही तर चार तास झाल्यासारखं वाटतं. मग त्यानं हात खाली घेतला.

"ही चूक मधल्या माणसाची," तो म्हणाला. "माझी."

केतकीनं रेघेची आठवण केली. तो म्हणाला, ह्याला रेघ नको, पुढं चला. शंभर भागांत पहिल्यांदा त्यानं रेघ मारायची टाळली होती. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या आणि तो माझ्याकडं अजिबात बघत नव्हता. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला की त्याला ती पांढरी चड्डी दिसलीय. दिसूनही हा माणूस माझ्यासाठी सगळ्या महाराष्ट्रासमोर खोटं बोलतोय. आजवर एवढ्या एका गोष्टीवर त्याची भाकरी होती, तीच तो माझ्यापायी घालवत होता.

मी कधी उठलो ते मला आठवत नाही. माझ्या शर्टाला माइकची वायर होती, ती खुर्चीत अडकून ताणली गेली एवढं आठवतंय. पडद्याशी गेलो आणि बोट टेकवून ओढलं. काही उमटेना. परत ओढलं. घामानं बोट घसरत होतं. कॅमेरा चालू, मी तिथं काच पुसल्यासारखा हात फिरवतोय. ज्योतिराम दबक्या आवाजात म्हणाला, "सुधा, बस खाली."

"रंग कुठं आहे ह्याचा?" मी विचारलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. मग पडद्याच्या कडेचं पिवळं बटण दाखवलं.

मी रेघ मारली. वाकडीतिकडी आली, पण आली. तिघांच्या पायांवरून ओढत डावीकडं आणली आणि तिथनं मागं, त्या पांढऱ्या चड्डीच्या पायाशी. "हा मी," म्हणालो. "सुधाकर माजगावकर. ह्यानं हाळी वेळेवर दिली. मी ऐकली. पण गेलो नाही. चोवीस वर्षं गावानं ह्याला शिव्या घातल्या आणि मी त्या ऐकत त्याच गावात सर म्हणून फिरलो." आणखीही काही बोललो असेन. आवाज फाटला होता.

टेप लावणाऱ्या पोरानं गोंधळून बटण दाबलं असणार, कारण चित्र पुढं सुरू झालं. फॉरवर्ड सुटला, गोल झाला. तो चित्रातला मी गवतात पालथा पडलो. त्यापुढचं मी आयुष्यात कधी बघितलं नव्हतं, तोंड जमिनीत होतं ना माझं.

चित्रातला ज्योतिराम गोलकडं वळलाच नाही. तो वळला डावीकडं. माझ्याकडं. मी कुठं पडलोय, नेमका किती मागं पडलोय, ते त्यानं उभं राहून बघितलं. मग गॅलरीकडं तोंड केलं, उजवा हात डोक्याच्या वर नेला आणि तसाच धरला. मैदानात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो. चूक माझी, मला बोला. अजून कुणी शिवी दिली नव्हती, कुणी बोट दाखवलं नव्हतं. त्याच्या आधीच त्यानं हात वर केला होता.

म्हणजे त्याला तेव्हाच माहीत होतं. तालमीच्या दारात गालावर बसली तेव्हाही माहीत होतं. मी पाच हातांवर उभा होतो तेव्हाही. मला तिथं, त्या दिव्यांत, हमसून रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

केतकी हुशार, तिनं जाहिराती लावल्या. कुणीतरी मला खुर्चीत बसवलं. ज्योतिराम समोर उकिडवा बसला, गुडघे दुखत असताना.

"तू खोटं का बोललास?" मी विचारलं.

"मी खोटं बोललो न्हाई," तो म्हणाला, आणि चक्क रागावला होता. "तू भ्यालायस हे मला हाफटाइमलाच दिसलं होतं. दोनदा त्यो तुझ्या अंगावरनं गेला. लाइन माझी होती. मी तुझ्याकडं दोन पावलं सरकायला पाहिजे होतं, न्हाईतर वर जायची हाळीच द्यायची नव्हती. भ्यालेल्या माणसाला घेऊन वर जायचं नसतं. ही मधल्या माणसाची चूक न्हाई तर कुणाची?"

"मग रेघ का मारली नाहीस?"

"रेघ मारली असती तर लोकांनी नुसता तुझा पाय बघितला असता. पुढचं कुणी ऐकलं असतं काय?"

आता ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा. मी एवढंच सांगतो की चोवीस वर्षं मी माझं पाप लपवत होतो, आणि त्याच पापाचा अर्धा वाटा हा माणूस कुणालाही न सांगता, खऱ्या मनानं, स्वतःचा म्हणून वागवत होता. आजवर पुष्कळ डिफेंडर बघितले, शिकवले. असा बघितला नाही.

मेकअपची मुलगी माझं तोंड पुसायला आली, तेवढ्यात ज्योतिरामचा फोन वाजायला लागला. सुनंदा होती. मी टीव्हीवर येणार म्हणून पेठेत घरोघरी कार्यक्रम लागला होता, आणि तिनंही हट्टानं लावला होता. आबा नेहमीप्रमाणं उठून आत गेले नव्हते. सुधाकर काय बोलतो बघू, म्हणून बसले होते. सुनंदानं भावाला एवढं सांगितलं आणि म्हणाली, आबांना सुधाकरदादाशी बोलायचंय.

फोन माझ्या हातात आला. आबांचा श्वास ऐकू येत होता.

"सुधाकर," ते म्हणाले, "तू मागं का थांबलास?"

चोवीस वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार कोण? मी हळूच म्हणालो, भ्यालो होतो.

"काय?"

"भ्यालो होतो, आबा."

"मोठ्यानं बोल. कमी ऐकू येतंय मला आता."

"भ्यालो होतो, आबा," मी ओरडलो. अख्ख्या स्टुडिओनं ऐकलं. वर शिडीवर चढलेला दिव्यांचा माणूससुद्धा थांबून बघायला लागला. लाज वाटायला हवी होती, पण खरं सांगतो, छातीवरचा दगड कुणी उचलून नेल्यासारखं हलकं वाटलं.

आबा म्हणाले, "भ्याला असशील. पोरगंच होतास. तवाच येऊन सांगितलं असतंस तर तुला मी चहा पाजून घरी पाठवला असता." मग म्हणाले, "माझ्या पोराला मात्र मी मारलं गा. सगळ्या पेठेसमोर मारलं. त्याला ठावं असून त्यानं मार खाल्ला."

आबा म्हणाले, त्याला दे.

ज्योतिरामनं फोन घेतला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. पलीकडनं आबा काय बोलले ते मला माहीत नाही, आणि मी ते त्याला आजपर्यंत विचारलेलं नाही. त्याची पाठ तेवढी दिसत होती. सहा वर्षं ज्या पाठीच्या भरवशावर खेळलो ती, आणि ती हलत होती. केतकीनं बोटांनी खूण केली, एक मिनिट. त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"असू द्या आबा," तो मोठ्यानं म्हणाला. "आठला मॅच हाय. तुम्ही टीव्ही बंद करू नका. मी सांगतो तिकडं बघा."

पुढं कोल्हापुरात मला काय काय ऐकावं लागलं ते सांगण्यात अर्थ नाही. तालमीतल्या दोघा-तिघांनी वर्षभर माझ्याशी बोलणं टाकलं, आणि ते बरोबरच होतं. नोकरी राहिली, सर हे नावही राहिलं, पण आता ते ऐकताना मान आपोआप खाली जात नाही. पेठेत ज्योतिरामचं पोस्टर लागलं आणि त्याला हार पडला. ते कळल्यावर, फुलं फुकट घालवू नका म्हणून त्यानं फोनवर सगळ्यांना झापलं.

पण मला त्या दिवसातलं आठवतं ते आठनंतरचं. सामना सुरू झाला. मी कॅमेऱ्यामागं स्टुलावर बसून बघत होतो. ज्योतिराम पडद्याशी उभा राहून बोलायला लागला आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. तो सावकाश बोलत होता. एकेक शब्द सुटा, मोठ्यानं, दोन शब्दांत जागा ठेवून. ही बघा ओळ. हा डावीकडचा. आता हा पुढं येतोय, बघा, आला. रेघ ओढली की हात बाजूला घेऊन थोडा थांबायचा, समोर बसलेल्याला बघायला वेळ मिळावा म्हणून.

केतकीनं त्याच्या कानात दोनदा सांगितलं, सर, वेग वाढवा, सामना पुढं चाललाय. त्यानं वाढवला नाही.